जुनी प्लायवूडची कॅटामरान, आठ महिने वापरून

बेळगावात राहून समुद्रातली होडी कशाला, हे उद्यमबागेत, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीत, मला गेल्या सप्टेंबरपासून प्रत्येकाने विचारून झालंय. उत्तर सरळ आहे. शुक्रवारी संध्याकाळी कारखान्याला कुलूप लावलं की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत तीन तासांत मी गोव्यात मांडवीच्या काठावर असतो. आणि मांडवी म्हणजे आपलीच म्हादई, खानापूर तालुक्यातल्या डोंगरात उगम पावणारी. आमची होडी नांगरावर असते ती आपल्याच पाण्यात.

मी आणि मेव्हण्याने मिळून ही होडी घेतली. आमच्यासारखं घाटावरचं आणखी कुणी जुनी कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी जोडून केलेली शिडाची होडी, बघत असेल, तर त्याचे पैसे आणि एक हंगाम वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी होडीबद्दल. जेम्स व्हॅरम या इंग्रज माणसाने १९५५-५६ मध्ये स्वतः बांधलेल्या जेमतेम साडेतेवीस फुटी कॅटामरानमधून अटलांटिक ओलांडला आणि पुढे आयुष्यभर लोकांना घरी बांधता येतील अशा जुळ्या होड्यांचे नकाशे विकले. त्यातल्या ‘टिकी २६’ नकाशावरून कुणीतरी बांधलेली ही होडी. साधारण ८ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, आणि पाण्याखाली जेमतेम ४० सेंटिमीटर. प्लायवूडचे दोन अरुंद हल, म्हणजे होडीची दोन अंगं, वर काचकापड आणि इपॉक्सी हा चिकट राळेसारखा लेप. दोन्ही हल जोडणारे आडवे वासे बोल्टने कसलेले नाहीत, दोराने आवळून बांधलेले आहेत. सुकाणूसुद्धा दोरानेच शिवलेलं. हे ऐकून मेव्हण्याचा चेहरा पडला होता. मला मात्र खानापूरकडची आजोबांची बैलगाडी आठवली. जू दांडीला नाड्यानेच बांधलेलं असायचं आणि ओढ्यातल्या दगडधोंड्यांतून गाडी गेली तरी नाडा सगळे हिसके गिळायचा. इथंही तसंच आहे. लाटेवर दोन्ही हल एकमेकांपासून किंचित स्वतंत्र हलतात, त्यामुळे लाकडाला चीर पडत नाही. आठ महिन्यांत दोर दोनदा परत आवळले. एकच बदलला, घासून केस निघाले होते म्हणून. त्याला वीस मिनिटं लागली आणि कुठलाही पार्ट मागवावा लागला नाही.

ही होडी घेण्याआधी एक ३८ फुटी फायबरची कॅटामरान बघितली होती. आत उभं राहता येत होतं, दोन डिझेल इंजिनं, फ्रीज, सगळं होतं. मनात भरली होती, खोटं का बोलू. पण प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकत गेलो तर कठड्याच्या खांबांपाशी ‘टक् टक्’चा आवाज ‘धप् धप्’ झाला. म्हणजे फायबरच्या दोन थरांमधला हलका गाभा पाणी पिऊन बसलेला. एका खांबापासून सुरू झालेला तो भाग हातभर पसरला होता. शिवाय अशा बोटीत इंजिनाचा पाय तळातून सरळ खाली उतरतो, आणि तिथलं पाणी अडवणारं मोठं रबर सात वर्षांनी बदलायचं असतं. ते कधी बदललं, याचा कागद मालकाकडे नव्हता. बदलायचं तर बोट पाण्याबाहेर काढायला हवी, आणि सहा मीटरपेक्षा रुंद बोट उचलायची सोय चार ठिकाणी नसते. मोठी कॅटामरान बघायला जाण्याआधी ती उचलणार कोण आणि कुठे, हे विचारा. किंमत नंतर.

आमच्या होडीच्या मालकाने ‘सगळं टकाटक आहे’ म्हणून सांगितलं होतं आणि दाखवण्याआधी नवा रंग मारला होता. तिथेच मी चुकलो. माझा हात लोखंडावर बसलेला. डोलकाठी, तारा, शॅकल, इंजिन मी बारकाईने तपासलं, इंजिनाचं तेल बोटावर घेऊन बघितलं. लाकूड मात्र रंगावरून पास केलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर डाव्या हलच्या बाहेरच्या अंगाला, डोलकाठीची तार जिथे स्टीलच्या पट्टीला अडकते तिथे, रंगाखाली अंगठ्याच्या नखाएवढा फुगा दिसला. दाभण टोचलं तर तपकिरी पाण्याचा थेंब आला. थोडं जोर लावलं तर दाभण विनासायास आत गेलं, भिजलेल्या बिस्किटात जावं तसं. वास ओल्या पाचोळ्याचा. पट्टी काढली. मागे बोल्टच्या भोकात प्लायच्या उघड्या कडा होत्या, कुणीतरी फक्त सिलिकॉन भरून मोकळं झालेलं. खारं पाणी लाकडाला फारसं कुजवत नाही. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी, आत मुरलेलं आणि वारा न लागणारं. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो, आणि ही होडी असे किती पावसाळे उघड्यावर होती कोण जाणे.

४० सें.मी. लांबीचा तुकडा कापून काढावा लागला. प्लाय ६ मि.मी. जाडीचा, त्यामुळे जोडाला आठपट, म्हणजे जवळजवळ ५ सें.मी. उतार घासला आणि नवा तुकडा इपॉक्सीने बसवून वर काचकापडाचे दोन थर दिले. गोव्यातल्या एका होडीबांध्या सुताराबरोबर सलग तीन शनिवार-रविवार गेले. बोल्टचं भोक त्याने आधी मोठं पाडलं, इपॉक्सीने पूर्ण भरलं, आणि सुकल्यावर मधोमध नवं भोक पाडलं. म्हणजे पुढे कधी पाणी शिरलंच तरी लाकडापर्यंत पोचत नाही. मग मी होडीवरचं एकूण एक भोक तसंच करून घेतलं. जुनी लाकडी होडी बघताना माझं आता एकच सांगणं आहे. दाभण खिशात ठेवा, मालकाची परवानगी घ्या, आणि जिथे जिथे डेकला किंवा हलला भोक आहे तिथे आतल्या बाजूने टोचा. मालक नको म्हणाला तर चहा पिऊन परत या.

बोल्टचीही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडच्या कुठल्याही कारखानदाराला तो मोह होईल. माझ्या लेथवर ३०४ स्टेनलेसच्या दांड्यातून मी सुंदर बोल्ट काढले. दोन महिन्यांत त्यांच्या डोक्याभोवती चहाच्या डागासारखा तांबूस रंग चढला, आणि पट्टीखालचा भाग, जिथे हवा लागत नाही, तिथे बारीक खड्डे पडले. समुद्राला ३१६ लागतं, म्हणजे स्टेनलेसचाच जास्त गंजरोधक प्रकार. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू घालताना मध्ये वेगळं करणारी पेस्ट लावलीच पाहिजे, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. हे मला पुस्तकी माहीत होतं. पण बेळगावच्या हवेत त्याची कधी गरज पडली नव्हती.

आता चालण्याबद्दल. वारा बाजूने किंवा मागून असेल तर ही होडी मन भरून टाकते. पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, सहज, मागून लाट आली की नऊसुद्धा बघितलेत. समोरच्या वाऱ्यात मात्र तिचा जोर नाही. तळाला कणा किंवा खाली सरकणारी फळी नाही, नुसता इंग्रजी ‘व्ही’सारखा तळ, त्यामुळे ती आडवी सरकत राहते. हंगामात आपल्या किनाऱ्यावर दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो, म्हणजे वेंगुर्ल्याकडे जायचं तर तो बरोबर तोंडावर. मांडवीच्या मुखावरच्या आग्वादपासून वेंगुर्ला साधारण २२ सागरी मैल. पहिल्या वेळी सकाळी निवांत नऊला निघालो आणि अर्ध्या वाटेवरून तेरेखोलच्या खाडीत शिरलो. आता पहाटे चारला नांगर उचलतो. जमिनीवरून येणारे मतलई वारे दहा-साडेदहापर्यंत साथ देतात, आणि तेवढ्यात बहुतेक अंतर कापून होतं. परतीला तोच दुपारचा वारा पाठीशी.

शिडाच्या बाबतीत तेरेखोलच्या एका म्हाताऱ्या तांडेलमामांनी जे सांगितलं ते मी डेकच्या फळीवर खडूने लिहून ठेवलंय: ‘शीड आधी उतरवा. होडी कलंडाची वाट बघू नकात.’ साधी होडी वारा वाढला की कलते, कलून तुम्हाला सांगते. कॅटामरान सांगत नाही. ती सपाटच राहते, आणि सहन होईनासं झालं की एकदम जाते. उलटली की स्वतःहून सरळ होत नाही. लाकडाची असल्याने बुडणार नाही, पण उलटीच राहील. म्हणून आम्ही कलण्यावर नाही, वाऱ्याच्या आकड्यावर शीड ठरवतो. हातातलं वारामापक १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटर, दाखवायला लागलं की पहिला रीफ, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करायचं. लाइफ जॅकेट अंगात, व्हीएचएफ हा होडीवरचा रेडिओ मदतीच्या १६ नंबरच्या चॅनलवर, आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर दोघांच्याही फोनमध्ये. कारवारकडे जाल तर नौदलाच्या तळापासून आणि अंजदीव बेटापासून लांबच राहा.

सगळ्यात जास्त सुख देणारी गोष्ट म्हणजे कमी खोली. कोकणातले कोळी उलांडीची (बाजूला आधाराचा लाकडी ओंडका जोडलेली) होडी वर्षानुवर्षं वापरतात, त्यामुळे आमच्या जुळ्या होडीचं त्यांना नवल वाटत नाही, उलट येऊन वासे कसे बांधलेत ते बघतात. जिथे मोठ्या यॉट बाहेर थांबतात तिथे आम्ही खाडीत आत जाऊन वाळूवर बसतो. ओहोटीला होडी दोन पायांवर सरळ उभी राहते, तेवढ्यात तळ घासून होतो.

राहायची सोय बेताचीच. आत उभं राहता येत नाही, झोपायची जागा एका माणसाची, कूस बदलताना विचार करावा लागतो. घरची मंडळी आली की डेकवर तंबू ठोकतो. आणि सामानाचा मोह आवरावा लागतो. एकदा दोन कुटुंबांचं सामान, ऐंशी लिटर पाणी आणि जास्तीची बॅटरी चढवली तर वेग दीड नॉटने उतरला आणि लाटा मधल्या डेकला खालून थडाथड आपटायला लागल्या. आता भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, एक बर्नर आणि मोजकं पाणी, एवढंच.

खर्चाचं म्हणाल तर खरेदीच्या किमतीच्या जवळजवळ चौथा हिस्सा पहिल्या सहा महिन्यांत लागला. त्यात कुजलेला भाग, ३१६चे सगळे बोल्ट, डोलकाठीच्या नव्या तारा आणि इंजिनाचा पाण्याचा पंप आला. जुनी होडी घेताना तेवढे पैसे बाजूला असू द्या. कागदांत नोंदणी आणि विक्रीखत बघाच. बोट परदेशातून आलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावती बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

मेच्या अखेरीला होडी किनाऱ्यावर ओढून घेतली. डोलकाठी उतरवली, वर ताडपत्री, आणि वारा खेळता राहावा म्हणून आतली सगळी झाकणं उघडी. दर दुसऱ्या रविवारी पावसातून घाट उतरून जातो आणि टॉर्च घेऊन दोन्ही हलमध्ये आडवा होऊन हात फिरवतो. गेल्या रविवारी डावा हल कोरडा खडखडीत होता, नवा तुकडाही. उजव्यात पेलाभर पाणी सापडलं. चाखून बघितलं तर गोडं. पुढच्या झाकणाच्या रबरातून येतंय. फडक्याने टिपलं, झाकणावर जास्तीचं प्लास्टिक बांधलं, आणि रबराचं माप घेऊन आलोय. उद्या कारखान्यात कापून घेतो.