सोसायटीचं सोलर: काम चोख, कागदात एक घोळ

नेरुळच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर बसवलं. ठेकेदाराला पाचपैकी चार.

सगळ्यात आवडला तो सांगाडा. स्लॅब जुना, गळतीची धास्ती, म्हणून एकही भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा केला. अख्खा पावसाळा गेला, वरच्या मजल्यावर ओल नाही. पॅनेलखालून झाडू फिरतो एवढी उंचीही ठेवली.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पॅनेल मात्र देशी हवेत, हे ठेकेदारानं पहिल्याच मीटिंगला सांगितलं. आमचे ३,६०,००० झाले. पण नेट मीटरच्या (घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) अर्जात त्यांनी मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीनं जोडणीला मंजूर केलेले किलोवॅट, चुकीचा लिहिला आणि अर्ज परत आला. एक गुण तिथे गेला.

मीटिंगमध्ये एका काकांनी विचारलं, "सरकार बदललं तर?" प्रश्न रास्त होता. ही योजना २०२४ चा मंत्रिमंडळाचा निर्णय आहे, कायदा नव्हे. कायद्याचं काय होतं तेही पाहिलंय: ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आलेलं वीज दुरुस्ती विधेयक शेतकरी संघटना आणि वीज कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, ते मंजूर झालंच नाही. वीज वितरणात खासगी कंपन्यांच्या स्पर्धेवरून वाद पेटला, आणि पुरेशी हरित (सौर, पवन अशी) वीज न घेणाऱ्या वितरण कंपन्या वगैरेंना दंड करण्याची चांगली तरतूदही त्यातच अडकली. ती वेगळी काढून मंजूर करायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

सोलर घेणाऱ्यांनी देखभालीचा करार आधीच लेखी घ्या. आमच्याकडे पॅनेल धुणं त्यात आहे.