अभ्यासिकेत आधी काय: एक्झॉस्ट फॅन की एअर प्युरिफायर?

आमच्या अभ्यासिकेत चाळीस मुलं खेटून बसतात. एसीसाठी खिडक्या लावल्या की तासाभरात डोकं जड होतं, जांभया सुरू होतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो. बाहेर तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग), आत हजाराच्या वर सहज जातो. प्युरिफायर तो काढतच नाही. एक्झॉस्ट लावा, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. कोंदटपणा जातो, खोकल्यातून उडालेले क्षयाचे जंतूही विरळ होतात.

प्युरिफायरचा हेपा फिल्टर, म्हणजे बारीक धूळ गाळणारी जाळी, ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो. दिवाळीतला धूर, शेजारचं बांधकाम असेल तर तो हवाच. पण काळवंडलेला फिल्टर वेळेवर बदलायला हवा. वर्गणी एकाच वस्तूपुरती असेल, तर मी एक्झॉस्टच घेईन.