विज्ञान-गणित शिक्षकांचा साहित्य कक्ष: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

कोथरूड भागात एका खासगी जागेत चालणाऱ्या या कक्षाचे सभासदत्व मी गेल्या जूनमध्ये घेतले. वार्षिक वर्गणीत दोन गोष्टी मिळतात: प्रयोगसाहित्य पंधरा दिवसांसाठी शाळेत नेता येते आणि दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी शिक्षकांच्या बैठकीत बसता येते. मी हडपसरला शिकवते. सकाळची शाळा आटोपून दोन बस बदलत तिथे पोहोचायचे, त्यामुळे हाती येते ते या प्रवासाच्या तोलाचे आहे का, हा हिशेब दर वेळी मनात होतोच.

साहित्यात गणिताचा संच सर्वांत उपयोगी ठरला, आणि तो सर्वांत स्वस्तही आहे. काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढाच तो संच. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी ही रचना देशभरच्या शाळांत पोहोचवली. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोटाने ढकलताच तिरका होऊन समभुज चौकोन बनतो. आठवीच्या मुलांनी हे हाताने केले, की तीन बाजूंची लांबी ठरल्यावर त्रिकोण एकच का होतो हे त्यांना सांगावे लागत नाही आणि त्रिकोणांच्या एकरूपतेची ‘बाबाबा’ (बाजू-बाजू-बाजू) कसोटी नुसती पाठ करण्याची वस्तू राहत नाही.

कक्षातील पेन ड्राइव्हवर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशने, म्हणजे संगणकावर करून पाहायचे आभासी प्रयोग, भरून मिळतात. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाचे साहित्य मोफत आहे, त्यातील बरेच मराठीतही आहे आणि एकदा उतरवून घेतले की वर्गात इंटरनेट लागत नाही. तेव्हा केवळ त्यासाठी कोणी वर्गणी भरू नये.

वर्गणी भरावी ती बैठकीसाठी. ऑक्टोबरमध्ये एका शिक्षकांनी फसलेला प्रयोग मांडला. नायक्रोमची तार न मिळाल्याने त्यांनी ओहमचा नियम (विद्युतधारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते) टॉर्चच्या बल्बवर पडताळला, आणि विभवांतर व विद्युतधारा यांचा आलेख सरळ रेषेऐवजी वाकडा आला. मुलांनी वाचने चुकीची ठरवून खोडली, काहींनी तर ती ‘दुरुस्त’ही केली. (हा उद्योग माझ्या वर्गातही चालतो, हे मी तिथे बोलले नाही.) वास्तविक बल्बची टंगस्टनची तार तापली की तिचा रोध थंड असतानाच्या रोधाच्या कित्येक पट होतो आणि ओहमचा नियम तर तापमान स्थिर असण्याची अट घालतो. पुस्तकात ती अट एका वाक्यात येते आणि आपण ती वाचून पुढे जातो. त्या दिवशी तासभर चर्चा होऊन असे ठरले, की नायक्रोमच्या तारेचा आणि बल्बचा असे दोन्ही आलेख मुद्दाम शेजारी शेजारी काढून घ्यावेत. नोव्हेंबरमध्ये मी ते केले आणि प्रयोगवहीत खाडाखोड न झालेली वाचने प्रथमच पाहिली.

अशा चर्चेची लेखी नोंद मात्र कोणी ठेवत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. जो त्या शनिवारी आला नाही त्याच्यासाठी तो तास झालाच नाही. कक्षाने छापलेल्या कृतिपत्रिका केवळ इंग्रजीत आहेत. सेमी इंग्रजीच्या वर्गांना त्या चालतात, पण मराठी माध्यमाच्या शिक्षकाला पाठ टाचणाच्या जोडीने भाषांतरही करावे लागते. साहित्य परत घेताना तपासले जात नसल्यामुळे मला मिळालेल्या दोन मल्टिमीटरपैकी एक बंद निघाला आणि चाळीस मुलांच्या वर्गात एकावरच काम भागवावे लागले.

पुढील वर्षाची वर्गणी मी भरली आहे. सोबत त्या मल्टिमीटरसाठी नऊ व्होल्टची बॅटरी आणि बल्बच्या प्रयोगाची मराठी कृतिपत्रिकाही देऊन आले.