ग्लुटेन-फ्री घरातली घरघंटी: आठ महिन्यांचा अनुभव आणि एक मूठ गहू

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मोदकाच्या पिठीचे तांदूळ अर्धे आत आणि अर्धे वर असताना आमची घरघंटी नुसती घुमली आणि बंद पडली. तिच्याबद्दल लिहायचं आठ महिने राहून गेलं होतं, ते त्या रात्रीच्या रागावर लिहायला घेतलं. एक एचपीची मोटर, सहा जाळ्या, आपोआप दाणे ओढणारा हॉपर हे सगळ्यांचं सारखंच असतं, ते पुन्हा उगाळत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल.

आधी घरघंटी का घेतली ते. लेक ११ वर्षांची. दीड वर्ष हिमोग्लोबिन साडेआठच्या वर जाईना, लोहाच्या गोळ्यांचे डबे संपले, उंची अडकली, पोट कायम तट्ट. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी ही रक्ताची तपासणी करायला लावली. आकडा २०० च्या वर. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेऊन तपासले आणि सीलिअॅक निघाला, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाने लहान आतडं बिघडण्याचा आजार. गहू, जव, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं परदेशी धान्य) कायमचे बंद. 'थोडं कमी करा' नव्हे, बंद. (कुणाला शंका असेल तर एकच सांगतो, तपासण्या होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.)

पहिल्या महिन्यात मी शहाण्यासारखं पाकीटबंद ग्लुटेन-फ्री पीठ आणलं. किलोला २२० रुपये. मागे वाचलं तर तांदूळ, ज्वारी, मक्याचा स्टार्च आणि झँथन गम. म्हणजे ५५ रुपयांची ज्वारी आणि ५० रुपयांचे तांदूळ २२० ला, वर चिकटपणासाठी डिंकाची चिमूट. त्याची पोळी तव्यावर बरी दिसायची, पानात येईपर्यंत पुठ्ठा. बिस्किटांचं तर बोलायलाच नको, १०० ग्रॅमला ९० रुपये आणि चव ओल्या भुश्शाची. बायको मंगळवेढ्याची. तिच्या माहेरी भाकरी न येणारा माणूस जावई म्हणून तरी कसा केला, असं अजून विचारतात. ती म्हणाली, "ज्वारी दळून आणा, बाकीचं मी बघते."

आणायची कुठून? आमच्या गिरणीवाल्या काकांचा स्वभाव सोन्यासारखा. "ज्वारीची चक्की वेगळी आहे हो, काळजी करू नका," म्हणाले. मी अर्धा तास तिथं उभा राहिलो. गव्हाच्या दळणांची रांग वाढली तशी दोन दळणं त्यांनी सहज ज्वारीच्या चक्कीत ओतली. शिवाय हवेत पीठ, भिंतीवर पीठ, काकांच्या भुवयांवर पीठ. त्यांचा दोष नाही, गिरणी अशीच असते. पण मला घरी येऊन हिशेब करायची खोड आहे. गव्हाचे शंभर दाणे मोजून काट्यावर ठेवले, ४ ग्रॅम भरले. म्हणजे एक दाणा ४० मिलिग्रॅम आणि त्यात ग्लुटेन साधारण दहावा हिस्सा, ४ मिलिग्रॅम. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन फ्री' म्हणजे किलोला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे दळले गेले की मर्यादा संपली. पाच दाणे! चक्कीच्या दगडात आणि कापडी नळीत मागच्या दळणाची मूठभर तरी राहतच असेल.

म्हणून घरघंटी. सतरा हजार पाचशे. माझ्या हातून एवढे पैसे सुटताना बायकोने पहिल्यांदाच पाहिले.

आणि आता ती मूठ. मशीन आलं, दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा डेमो द्यायला आला. मी दाराशी कुरिअरवाल्याला सही देत होतो. आत घरघर ऐकू आली म्हणून वळलो तर हा स्वतःच्या बॅगेतल्या पिशवीतून गहू ओततोय. "बघा साहेब, मैद्यासारखं पीठ!" फक्त हे एक धान्य टाळायला मी सतरा हजार मोजले होते आणि मशीनमध्ये पहिलं पडलेलं धान्य तेच. त्याला काय कळणार बिचाऱ्याला. पण त्या दिवशी बिचारा वगैरे सुचलं नाही, सोसायटीच्या गेटपर्यंत आवाज गेला.

कंपनीला फोन केला. मॅडम म्हणाल्या, "सर, ब्रशने साफ करून घ्या." मी म्हटलं, मशीन बदलून द्या. "सर, मशीन तर चालू आहे ना?" चार फोन, दोन मेल. म्हटलं, निदान पिठाच्या डब्यावरची ती कापडी फिल्टर पिशवी तरी नवी द्या, त्या विणीत अडकलेलं पीठ कुठल्या ब्रशने निघणार? त्या म्हणाल्या, १८० रुपये अधिक जीएसटी. मी दिले नाहीत. मांजरपाट आणून नाक्यावरच्या टेलरकडून ४० रुपयांत दोन पिशव्या शिवून घेतल्या, एक वापरात आणि एक धुण्यात. कंपनीच्या पिशवीपेक्षा उजव्या आहेत, शिवण दुहेरी आहे.

मग स्वच्छता. चेंबर उघडला, जाळ्या काढल्या, व्हॅक्यूम लावला, रंगाच्या नव्या ब्रशने कोपरे उकरले. त्यावर रेशनचा तांदूळ एकेक किलो करून तीनदा दळला. ते तीन किलो पीठ लेकीला चालणार नाही आणि फेकायला माझा जीव होईना, म्हणून आठ दिवस मी एकट्याने धिरडी खाल्ली. त्या आठवड्यात मी एका संकेतस्थळावर या मशीनला एक स्टार दिला. कारण म्हणून एकच शब्द लिहिला होता: गहू.

इथपर्यंतचा राग खरा, पण मशीनचं काम वेगळं सांगायला हवं. दर रविवारी दोन किलो ज्वारी, वीस मिनिटं, आवाज मिक्सरपेक्षा थोडा जास्त आणि न थांबणारा. दुपारच्या झोपेची वेळ टाळा. पण पीठ? पाकिटातलं पीठ कधी दळलंय ते देव जाणे. त्याची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडेला भेगा पडतात. घरचं ताजं पीठ उकळत्या पाण्यात नुसतं कालवलं तरी लोण्यासारखं मळून येतं. मार्चमध्ये पहिल्यांदा माझी भाकरी तव्यावर टम्म फुगली. बायकोने पापुद्रा उचलून आतली वाफ सोडली आणि "आता मंगळवेढ्याला न्यायला हरकत नाही" म्हणाली. तिच्या घरची मालदांडी ज्वारी येते तेव्हा तर वेगळीच गोडी. मला एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. ग्लुटेन नसलेल्या पिठाला चिकटपणा नाही असं जो तो म्हणतो. त्यातला अर्धा दोष शिळ्या पिठाचा आहे, असं माझं मत झालंय.

दाणे निवडणं हे मात्र माझं व्यसन झालं. दुकानातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे येतात, पोती तिथंच शेजारी उघडी असतात. परातीत पसरून निवडायचे आणि एका औषधाच्या बाटलीत टाकायचे. दोन किलोत कधी तीन, कधी सात, एकदा एकोणीस (ते दुकान सोडलं). दाणा निदान दिसतो, पिठात काहीच दिसत नाही. लेक बाटलीवर तारीख आणि आकडा लिहिते. आज १४३ आहेत.

डब्याचा प्रश्न मोठा होता. भाकरी मधल्या सुट्टीपर्यंत वातड होते. मग दशम्या आल्या, ज्वारीचं पीठ दुधात भिजवून, किंचित गूळ आणि तुपाचा हात. सहा तास मऊ. घावनं, नाचणीचं धिरडं, तांदळाची उकड. थालीपिठाची भाजणी आम्ही गहू वगळून करतो, त्याजागी बाजरी आणि थोडा जास्त हरभरा. ग्लुटेन-फ्री ब्रेडच्या नादाला लागलो होतो, दोन चमचे इसबगोल घालून घरीच केला. बरा होतो, पण ओव्हनचं वीजबिल धरलं तर बरा म्हणवत नाही. आणि एक शोध उपासाच्या फळीचा. राजगिरा, वरई, साबुदाणा, शिंगाडा, सगळं मुळातच बिनगव्हाचं. ग्लुटेन-फ्री म्हणून ज्या राजगिऱ्याच्या कुकीज १२० ला देतात, त्याच्या शेजारच्या दुकानात राजगिऱ्याचे लाडू २० रुपयांना चार. लेकीच्या मैत्रिणींना वाटतं हिचा रोज उपास आहे.

जुलैत सहा महिन्यांची तपासणी झाली. हिमोग्लोबिन १०.९. उंची तीन सेंटिमीटर वाढली. पण टीटीजी २०० वरून १६४ च. मी लगेच मशीनकडे बोट दाखवलं, त्या मुलाच्या मुठीचा गहू अजून कुठेतरी अडकलाय म्हणून. चेंबर पुन्हा उघडला, टॉर्च लावली, काही नाही. डॉक्टर म्हणाले, हा आकडा हळूच उतरतो, वर्षही लागतं, कधी त्याहून जास्त. पण घरात दुसरं काय जातंय ते बघा.

बघितलं. पहिला हिंग. डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं, रोज फोडणीत. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणला. पण खरा धक्का मेतकुटाचा. माझी आई चिपळूणहून दर दोन महिन्यांनी बरणी पाठवते आणि लेक मऊ भात, तूप आणि मेतकूट रोज रात्री खाते. आजारी पोराला याहून हलकं काय द्यायचं? आईला फोन केला. "अगं, त्यात काय काय घालतेस?" हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, मोहरी, जिरं, सुंठ... "आणि गहू, चांगले खमंग भाजून. का रे?" सहा महिने मी परातीत एकेक दाणा वेचत होतो आणि रात्री त्याच ताटात चमच्याने वाढत होतो.

आई म्हणाली, चिमूटभराने काय होतंय, भाजलेला तर आहे. भाजून ग्लुटेन जात नाही हे तिला पटवायला मला विलेम डिके या डच डॉक्टरांची गोष्ट सांगावी लागली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धाच्या उपासमारीत, नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तर त्यांच्याकडची ही अशीच पोरं सुधारली आणि पुन्हा ब्रेड आल्यावर आजारी पडली. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होताच, १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. ब्रेड काही कच्चा नसतो, भट्टीतूनच येतो. आई सगळं ऐकून म्हणाली, "मग आधी सांगायचं नाही का?" पुढच्या बरणीत गव्हाऐवजी तांदूळ जास्त होते. चवीत मला फरक कळला, लेकीला नाही. म्हणजे एक स्टार दिला तो मशीनवर अन्याय होता, हे तेव्हा कबूल करायला हवं होतं. केलं नाही.

आता गणपती. चूक माझी. आंबेमोहर धुऊन पंच्यावर वाळत घातला होता, पावसाची हवा, हाताला कोरडा लागला म्हणून टाकला. आत दमट होता. पिठाचा लगदा होऊन जाळी लिंपली गेली आणि मोटरने मान टाकली. बाहेरच्या गिरणीत जायची सोय नाही, म्हणून उरलेले तांदूळ आईने मिक्सरमधून फिरवून दोनदा चाळले. मोदकांना कळ्या कमी पडल्या, बाप्पाने काही म्हटलं नाही.

गौरी गेल्यावर तोच मुलगा आला. स्क्रू-ड्रायव्हरने लगदा खरवडला, बटण दाबलं, चालू. आणि हात बॅगेत घालून त्याने तीच पिशवी काढली. मी हॉपरवर हात ठेवून उभा राहिलो.

"साहेब, टेस्टिंग करावं लागतं."

"ज्वारी घे. पाहिजे तेवढी घे."

त्याने घेतली, दळली. मग चहा पिताना सहज बोलला, "तुम्ही मागे एवढे चिडला होता, पण साहेब, फॅक्टरीतून निघतानाच गहू दळून चेक होते ना मशीन. सगळ्यांचीच होते."

म्हणजे त्याने तो गहू घातला नसता, तर मी खोक्यातून काढलेल्या मशीनमध्ये सरळ ज्वारी दळली असती. चेंबर उघडला नसता, तांदूळ तीनदा दळला नसता, पिशवी बदलली नसती. कंपनीचं नाव न लिहिण्याचं कारण हे. तुमच्याही घरी येईल ते मशीन गहू खाऊनच येईल, असंच धरून चाला. आधी पूर्ण उघडून झाडा, कापड बदला, स्वस्त तांदूळ दोन-तीनदा दळा आणि ते पीठ ज्याला गहू चालतो त्याने खा.

आता चार स्टार. भाकरीसाठी पाचही दिले असते. एक कापलाय तो माहितीपत्रकासाठी. बत्तीस पानांत सहा जाळ्यांचे फोटो आहेत, 'आरोग्यदायी' हा शब्द आहे, 'ग्लुटेन-फ्री धान्यांसाठी उत्तम' असंही छापलंय, पण आत आधीच गहू दळलाय ही ओळ कुठे नाही. जाळी साफ करायचे ३५० रुपये घेतले, ते ओल्या धान्याचे, माझ्या चुकीचे, तक्रार नाही. त्या एका ओळीसाठी मात्र कंपनीला मेल टाकलाय, आज बारावा दिवस. उत्तर आलं तर इथंच खाली लिहीन. टीटीजी पुन्हा जानेवारीत.