खानापूरचा जोडमडका: इन्सुलिन ठेवायला कितपत चालतो

एकात एक बसणारी दोन मडकी, मधल्या बोटभर जागेत वाळू, वाळूत पाणी आणि वर ओलं तरट. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. मी हा जोड एका कुंभारीण अक्कांकडून साडेतीनशे रुपयांना घेतला, नातीचं इन्सुलिन ठेवण्यासाठी. तिला टाईप वन मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून टोचावं लागतं. इन्सुलिन थांबलं तर अशा मुलाच्या जिवावर बेतायला आठवडाही लागत नाही.

फ्रीज असताना मडकं कशाला, असं घरच्यांनी विचारलंच. मे 2025 मध्ये पाकिस्तानबरोबर लढाई पेटली तेव्हा आमच्या बेळगावात घरटी कुणीतरी फौजेत, त्यामुळे सगळे टीव्हीपुढे बसून होते. माझ्या डोक्यात मात्र फ्रीज होता: लाईट गेली तर आतल्या इन्सुलिनचं काय? मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. डिसेंबर 2013 मध्ये दक्षिण सुदानात यादवी युद्ध सुरू झालं. त्यानंतर युनो मिशनमध्ये मलाकालच्या भारतीय हॉस्पिटलात माझी पोस्टिंग होती. गोळी लागलेला माणूस आला की सगळे धावतात. रक्त, टाके, ऑपरेशन, सगळ्याची तयारी असते. शुगरवाला, बीपीवाला, फिट येणारा रांगेत मागे उभा असतो, आणि त्याच्या आजाराची गोळी आमच्या पेटीत बहुतेक नसतेच. तो घरी जाऊन महिन्याभराने मरतो. लढाईत मेलेल्यांत त्याला कुणी धरत नाही.

एक बाई ओल्या फडक्यात बाटली बांधून घेऊन आली होती. आतलं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ हवं, त्यात पांढऱ्या गाठी तरंगत होत्या. ती तेच टोचत होती, एकाच सिरिंजने, आणि शुगर का उतरत नाही म्हणून विचारत होती. ती बाटली मला अजून दिसते.

पुढे बातम्यांत तेच बघतोय. सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 ला युद्ध सुरू झालं आणि खार्तूममधलं सरकारी औषधांचं मुख्य गोदामच लष्कराशी लढणाऱ्या निमलष्करी दलाच्या हातात गेलं. गाझात डिझेल संपलं म्हणून 1 नोव्हेंबर 2023 ला कॅन्सरचं तुर्की-पॅलेस्टिनी मैत्री रुग्णालय बंद पडलं. डायलिसिसच्या पाळ्याही कमी कराव्या लागल्या. आधी लाईट जाते, मग रस्ता बंद होतो, मग औषध. बॉम्ब आपल्या घरावर पडलाच पाहिजे असं नाही.

आता मडक्याचं. एप्रिलच्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात थर्मामीटर 35 दाखवत होता, मडक्यात 26-27. रात्री आणखी उतरतं. इन्सुलिन थेट आत ठेवायचं नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून मग आत ठेवायचं, नाहीतर लेबल भिजून तारीख पुसते. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागतं. मडकं भिंतीला चिकटवून कोपऱ्यात ठेवलं तर काही उपयोग नाही, चहूबाजूंनी वारा लागला पाहिजे. आम्ही खिडकीजवळ तिपाईवर ठेवलं आणि फरक लगेच दिसला.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. न उघडलेल्या बाटल्यांना 2 ते 8 अंश लागतात, ते मडक्याच्याने होणार नाही. त्या फ्रीजमध्येच, आणि फ्रीजरच्या जवळ नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. मडकं चालू बाटलीसाठी. केनियातल्या दगाहाले छावणीत सोमालियातल्या युद्धातून पळून आलेले लोक राहतात. तिथल्या घरांत दिवस-रात्र तापमान कसं बदलतं ते डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेने मोजलं. जिनिव्हा विद्यापीठाने त्याच 25 ते 37 अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे ठेवून तपासलं. ते फ्रीजमधल्याइतकंच चांगलं राहिलं. 2021 साली हे प्रसिद्ध झालं. तरी मी नातीच्या डॉक्टरांना विचारूनच वापर सुरू केला, तुम्हीही विचारा.

तक्रारी आहेत. खाली पाणी झिरपतं, परात ठेवावी लागते, आणि ती जोडासोबत मिळत नाही. तरटाला आठवड्यात कुबट वास येतो, ते उन्हात टाकायला हवं. माझ्या पहिल्या जोडाच्या गळ्याला केसाएवढी चीर होती. अक्कांनी एक शब्द न बोलता बदलून दिला. त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, "मामा, आषाढात ह्याचा भरवसा धरू नका ओ, हवाच ओली असतिया." खरंच, पाऊस लागल्यावर आतलं आणि बाहेरचं तापमान सारखंच झालं. पण तेव्हा आमच्याकडे तेवढा उकाडाही नसतो. विकणारीने आपल्या वस्तूची उणीव आधी सांगावी, यासाठीच मी त्यांच्याकडे पुन्हा जाईन.

घेताना बाहेरचं मडकं रंग न लावलेलं, चकचकीत लेप नसलेलं बघून घ्या. लेप असला की पाणी बाहेर झिरपत नाही आणि गारवा येत नाही. शोभेच्या दुकानातले रंगीत जोड या कामाचे नाहीत.

माझी लेक अथणीला दिलेली आहे. तिच्या सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे. तिकडे ऊन आमच्यापेक्षा कडक आणि हवा कोरडी, म्हणजे मडकं जास्तच चालेल. त्यांच्यासाठी दुसरा जोड सांगून ठेवलाय, आतलं मडकं थोडं रुंद, म्हणजे ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचा डबाही त्यात मावेल असं ती म्हणत होती. तिला सांगितलं, पट्ट्या ओलीत ठेवू नकोस, त्या बाहेर कोरड्या जागीच. मडक्यात फक्त इन्सुलिन.