जनआरोग्य योजनेतून डायलिसिस: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या आईचे डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात गेले काही महिने नियमित सुरू आहे. नात्यातले, गावाकडचे अनेक जण या योजनेची चौकशी करतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. प्रत्यक्ष उपचार आणि त्या उपचारापर्यंत पोहोचण्याची सोय या दोन बाबी मी वेगळ्या ठेवते, कारण पहिलीबद्दल मी समाधानी आहे आणि दुसरीबद्दल मुळीच नाही.

उपचाराबद्दल आधी सांगते. आई युनिटमध्ये गेली की पहिल्यांदा तिचे वजन होते, त्यातून डॉक्टरांनी ठरवून दिलेले ‘ड्राय वेट’ (अंगात जादा पाणी नसतानाचे वजन) वजा केले जाते आणि त्या दिवशी शरीरातून किती पाणी काढायचे हे टेक्निशियन त्यावरून ठरवतात. सुई टोचण्यापूर्वी ते तिच्या मनगटाजवळच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर) दोन बोटे ठेवून रक्ताची थरथर लागते का, ते न चुकता पाहतात. पुढचे चार तास सिस्टर ठरावीक वेळाने रक्तदाब घेतात आणि तो उतरू लागला तर लगेच मशीनचा वेग कमी करतात. या सगळ्यासाठी आमच्याकडून पैसे घेतले जात नाहीत. कुटुंबाला वर्षाला मिळणारे संरक्षण १.५ लाखांवरून ५ लाख रुपये झाल्यामुळे, वर्ष संपण्याआधीच मर्यादा संपेल ही धास्तीही उरलेली नाही. एका खासगी डायलिसिसचे बिल ज्याने भरले आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

अडचण सुरू होते ती याच्या आधी. आईला धाप लागली तेव्हा जवळच्या ज्या खासगी रुग्णालयात नेले, ते योजनेत अंगीकृत (योजनेशी जोडलेले) नव्हते. मानेत कॅथेटर (शिरेत घालायची नळी) घालून पहिली काही डायलिसिस तिथेच झाली आणि ती सगळी पदरमोड करून. तातडीच्या रुग्णासाठी अंगीकृत रुग्णालयातून दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागदपत्रे मागाहून देता येतात, हे आम्हाला नंतर एका आरोग्यमित्राने (रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याने) सांगितले. पुढे अंगीकृत रुग्णालये शोधली, तर सगळीकडे एकच उत्तर मिळे: “शिफ्ट रिकामी नाही, नाव लिहून ठेवतो.” योजनेत नाव असणे आणि मशीनवर जागा मिळणे यांत किती अंतर आहे, हे त्या काळात कळले.

फिस्टुलाचे इथेच सांगायला हवे. हाताची धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मानेतल्या कॅथेटरवर भागवावे लागते आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका बराच असतो. आईचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणारा घटक) चढते आहे हे तपासणाऱ्यांना ठाऊक होते, तरी फिस्टुला आधीच करून ठेवा किंवा डाव्या हाताच्या शिरा जपा, त्या हाताला सलाईन लावू देऊ नका, असे आम्हाला एकाही दवाखान्यात कोणी सांगितले नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी मूत्रपिंडतज्ज्ञांना फिस्टुलाबद्दल आणि हेपॅटायटिस बीच्या लसीबद्दल स्वतःहून विचारावे.

आमचे गाव राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात आहे. आठवड्यातून तीनदा तिथून ये-जा करणे आईला झेपणारे नव्हते, म्हणून तिला धायरीला माझ्याकडे आणले. ज्यांचे शहरात कोणी नाही, त्यांनी काय करायचे? आईच्या शेजारच्या बेडवर भोरकडून एक आजोबा येतात. डॉक्टरांनी त्यांनाही आठवड्यातून तीनदा सांगितले आहे, पण ते दोनदाच येतात, कारण सोबत येणाऱ्या मुलाचा प्रत्येक वेळी रोज बुडतो. डायलिसिस फुकट असले तरी गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि आमच्या बाबतीत रक्तवाढीची काही इंजेक्शने हा खर्च घरावरच पडतो. आजोबांच्या पायांवरची सूज पाहिली की चुकलेल्या तिसऱ्या डायलिसिसचा हिशेब समोर दिसतो.

तालुक्याला मशीन द्या, ही मागणी रास्तच आहे, पण नुसत्या मशीनने केंद्र उभे राहत नाही. मशीनमधून मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रावण वाहते, म्हणजे चार तासांच्या एका डायलिसिसला जवळपास १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. त्यासाठी नीट राखलेला आरओ प्लांट (पाणी शुद्ध करणारी यंत्रणा), खंड न पडणारी वीज आणि प्रशिक्षित टेक्निशियन हवेत. म्हणूनच पोटात नळीने द्रावण सोडून घरी करता येणाऱ्या पोटाच्या डायलिसिसचा विचार दुर्गम भागासाठी गंभीरपणे व्हायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यात साधारणपणे द्रावणाची दोन लिटरची पिशवी दिवसातून तीन-चार वेळा बदलावी लागते आणि स्वच्छता काटेकोर पाळावी लागते, पण रुग्णालयाच्या खेपा खूपच कमी होतात. थायलंडने २००८ साली आपल्या सार्वत्रिक आरोग्य योजनेत याच पद्धतीला पहिले स्थान दिले होते. आपल्याकडे राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये हिमोडायलिसिसने (मशीनवर रक्त शुद्ध करण्याच्या पद्धतीने) सुरू झाला आणि पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. आम्हाला मात्र हा पर्याय कोणी सुचवलाच नाही. मी तो वाचून विचारला, तोवर फिस्टुला झालेला होता.

आता प्रत्यारोपणाची तयारी चालू आहे. धाकट्या मामांची मूत्रपिंड देण्याची इच्छा आहे, पण रक्तगट जुळत नाही. अशा दोन कुटुंबांनी परस्परांत दाते बदलण्याची मुभा अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने दिली असली, तरी त्या मुभेसाठी दाता जवळच्या नात्यातला असावा लागतो आणि त्या व्याख्येत पती-पत्नी, मुले, आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा व नातवंडे येतात. मामा आईचे सख्खे भाऊ असल्याने तो मार्ग खुला आहे. मेंदूमृत दात्याकडून मूत्रपिंड मिळण्यासाठी प्रत्यारोपण केंद्रामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीतही आईचे नाव घालत आहोत. शस्त्रक्रियेला जनआरोग्य योजनेतून मदत मिळते, परंतु त्यानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांपैकी किती औषधे, किती काळ योजनेतून मिळतील, हे लेखी समजल्यावरच आम्ही रुग्णालय निश्चित करणार आहोत.