आजी-आजोबांना दिलेली चार झाडं आणि एक कुंडी: दोन वर्षांचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अंगणातली बाग त्यांच्या हातून सुटली. वाकणं बंद, जड झारी उचलणं बंद. तेव्हापासून मी दोघांसाठी घरात ठेवायची, कमी कष्टाची झाडं नेत आले आहे. त्यांतलं एक मेलं. त्याच्यापासूनच सुरुवात करते, कारण मला सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं.

ते होतं झेडझेड प्लांट. सहज जगणाऱ्या झाडांच्या प्रत्येक यादीत ते असतं, आणि त्याचं कौतुक खोटं नाही. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं हे झाड मातीखालच्या जाड कंदांत पाणी साठवून ठेवतं. देठही मांसल असतात. तीन-चार आठवडे पाणी नाही मिळालं तरी पानांची चकाकी जात नाही. आजोबा रोज सकाळी त्याच्या शेजारी बसायचे, मातीत बोट घालून बघायचे आणि हात पुसून उठायचे. तिसऱ्या महिन्यात मला म्हणाले, "बाळा, झाड छान आहे गं, पण त्याला माझी काही गरज नाही."

मी ते हसण्यावारी नेलं. मग त्यांनी रोज थोडं थोडं पाणी घालायला सुरुवात केली, कारण त्यांना काहीतरी करायचं होतं. पाचव्या महिन्यात देठ बुडाशी पिवळे आणि मऊ पडले. उपटून पाहिलं तर कंद कुजलेले. आजोबांना फार लागलं ते. चूक त्यांची नव्हती. ज्याला एकटं सोडलं की बरं वाटतं असं झाड मी जन्मभर माती हाताळलेल्या माणसाला दिलं होतं. स्नेक प्लांटचंही असंच आहे. ते तहानेने क्वचितच मरतं, जास्त पाण्याने मात्र हमखास कुजतं. महिना-महिना घर बंद ठेवून जाणाऱ्या आजी-आजोबांना ही दोन्ही झाडं जरूर द्या. दिवसभर घरात असणाऱ्यांना मी ती पुन्हा देणार नाही.

त्यानंतर एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा 1976 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचनात आला. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एका गटाला सांगितलं गेलं की झाड तुम्ही निवडा आणि सांभाळाही तुम्हीच. दुसऱ्या गटाला झाडं मिळाली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. पहिल्या गटाला इतरही निर्णय स्वतःचे स्वतः घ्यायला सांगितलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय झाडाला देता येत नाही. पण तीन आठवड्यांनी तो गट जास्त हुशारीत आणि हालचालीत दिसला. मला लगेच आजोबांचं ते वाक्य आठवलं.

म्हणून दुसऱ्या वेळी पीस लिली नेली, आणि हे माझ्या मते आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं रोप. कारण ते बोलतं. तहान लागली की पानं कुंडीच्या काठावरून खाली लोळतात. पाणी घातलं की काही तासांत सगळं झाड पुन्हा उभं. आजीला आता बारीक दिसत नाही. माती ओली की कोरडी हे तिला रंगावरून कळत नाही. पण झाड आडवं पडलेलं तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. "अहो, ती निजली बघा," अशी हाक येते आणि आजोबा झारी घेऊन जातात. खिडकीपासून थोडं आत, थेट ऊन नसलेल्या उजेडात ती खूश आहे. एक गोष्ट आवर्जून सांगा: पानं लोळलेली असली आणि माती ओली असली, तर पाणी घालायचं नाही. तेव्हा मुळं कुजत असण्याची शक्यता असते. आम्ही कुंडीत एक लाकडी काडी खोचून ठेवली आहे. आजी ती उपसून बोटाने चाचपते. काडी ओली लागली तर थांबायचं.

तिसरा मनी प्लांट, मातीत नाही, काचेच्या बाटलीत. आजोबांचे हात थरथरतात, माती सांडली की ते ओशाळतात. पेर असलेला वेलाचा तुकडा पाण्यात ठेवला की दोनेक आठवड्यांत मुळं फुटतात, आणि काचेतून ती रोज बघता येतात. पाणी किती उरलंय तेही दिसतं. मात्र वेल जमिनीवर उतरू देऊ नका, पायात अडकतो. आम्ही तो गुडघ्याच्या उंचीवरच छाटतो आणि छाटलेला तुकडा पुढच्या बाटलीत जातो.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं पतवंड असेल तर जरा थांबून विचार करा. झेडझेड, पीस लिली आणि मनी प्लांट या तिघांच्याही पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते. अशा घरासाठी स्पायडर प्लांट बरा, तो कुत्र्या-मांजरांना विषारी नाही. आमचं चौथं झाड तेच. पानांची टोकं तपकिरी होतात, बहुधा पाण्यातल्या क्षारांमुळे. आजी ती कात्रीने कापते.

स्वतःहून पाणी ओढणाऱ्या कुंडीवर माझा फार भरवसा होता. तळाला टाकी, त्यातून मातीत जाणारी वात, आणि पातळी दाखवणारी तरंगती काडी. झाडासाठी ती उत्तम. पण पाणी भरायचं भोक इतकं लहान की थरथरत्या हाताने निम्मं पाणी फरशीवर जातं, आणि ओली फरशी या वयात मला नको. काडीवरची लाल रेघ आजीला दिसतही नाही. कुंडी मी परत घरी आणली. त्याऐवजी हलकी प्लास्टिकची कुंडी, खाली खोल बशी, कमरेच्या उंचीचं टेबल आणि लांब तोटीची एक लिटरची झारी घेतली. भरलेली झारी किलोभराहून थोडीच जड होते, तेवढं आजोबांना पेलतं.

पीस लिलीच्या चिठ्ठीवर 'हवा शुद्ध करते' असं छापलं होतं. आजीला दम लागतो, म्हणून तिने ते फार मनावर घेतलं. हा समज 1989 च्या नासाच्या प्रयोगातून पसरला, पण तो प्रयोग बंद पेटीत केला होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार साध्या घरात हवा खेळती राहून जेवढी शुद्ध होते, तेवढं काम करायला दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील. मी आजीला हे समजावलं आणि आता ती रोज खिडकी उघडते.

गेल्या महिन्यात मी पाचवं झाड निवडलं नाही. आजोबांनाच रोपवाटिकेत घेऊन गेले. त्यांनी अर्धा तास लावला, पानं उलटून किडे पाहिले, कुंडीच्या तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आली आहेत का ते बघितलं. शेवटी एका बाजूला कललेली, दोन पानं फाटलेली एक पीस लिली उचलली. मी शेजारची भरगच्च दाखवली, तर म्हणाले, "तिचं ठीक चाललंय. हिला उजेड कमी पडलाय." आता ते दर दोन-तीन दिवसांनी कुंडी थोडी फिरवतात.